'जिरली!' : एका उपेक्षित रसाची मीमांसा

आपल्या भाषेत 'जिरली' हे एक मोठे मार्मिक क्रियापद आहे. रूपाने ते स्त्रीलिंगी, एकवचनी व भूतकाळी असून त्याचा कर्ता सहसा उच्चारला जात नाही. काय जिरली? खोड, मस्ती, घमेंड, ऐट. ज्याला जे रुचेल ते त्याने अध्याहृत धरावे. मिरवणारा शेजारी तोंडघशी पडला, की सभ्य घरांतूनही हा एका शब्दाचा उद्गार ऐकू येतो. मात्र तो दार लोटून घेऊन काढावयाचा असतो. दुसऱ्याच्या पराभवापासून होणाऱ्या या आनंदाला आपल्या साहित्यशास्त्राने नवरसांत आसन दिलेले नाही. ॲरिस्टॉटलने त्याचा उल्लेख केला, पण ज्यांच्या नावातच दोष सामावलेला आहे अशा विकारांच्या पंक्तीत त्याला बसवून तो पुढे गेला. हॉब्सने हास्याचे मूळ स्वतःच्या श्रेष्ठत्वाच्या आकस्मिक जाणिवेत शोधले. म्हणजे तो या विषयाच्या उंबरठ्यापर्यंत आला, एवढेच. नीतिवेत्त्यांनी या आनंदाचा निषेध केला तो योग्यच होय. परंतु त्याची घडण कशी असते, त्यात सरस कोणता व नीरस कोणता, हे पाहण्याचे काम टीकाकाराचे आहे, आणि ते टीकाकाराने केलेले नाही.

अमेरिकेतील बेसबॉलच्या प्रेक्षकांनी मात्र हे लोटलेले दार सताड उघडले आहे. किंबहुना या आनंदाला त्यांनी एका मौखिक वाङ्मयप्रकाराचे रूप दिले आहे, असे माझे मत झाले आहे. ते होण्यास कारण माझा भाचा. हा गृहस्थ २००३ साली बोस्टनजवळ जाऊन स्थायिक झाला आणि वर्षभरात तेथील 'रेड सॉक्स' संघाचा असा काही कैवारी बनला, की पुण्यास त्याचा फोन आला म्हणजे प्रकृतीची विचारपूस होण्यापूर्वी न्यूयॉर्कच्या 'यांकी' संघाची निंदा ऐकावी लागे.

ज्यांना या खेळाची ओळख नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. बेसबॉल हा क्रिकेटचा दूरचा भाऊबंद. वसंतापासून सप्टेंबरअखेरपर्यंत प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो. त्यांत जे वरचढ ठरतात त्यांची गाठ ऑक्टोबरात एकमेकांशी पडते, आणि शेवटी 'वर्ल्ड सिरीज' नावाच्या मालिकेत अजिंक्यपद ठरते. सहा महिन्यांची पुण्याई ऑक्टोबरातल्या एका आठवड्यात धुऊन निघते. म्हणून उन्हाळ्यातल्या पराभवाला कोणी फारसे हसत नाही. हसावयाचे ते ऑक्टोबरात.

या वाङ्मयातील सर्वोत्तम कृती माझ्या मते केवळ चार अंकांची आहे : '१९१८'. विसाव्या शतकाच्या अखेरीस बोस्टनचा संघ न्यूयॉर्कला खेळावयास गेला, की यांकींचे हजारो चाहते एका सुरात हे साल उच्चारीत. बोस्टनने त्या वर्षी अजिंक्यपद मिळविले होते. त्यानंतर मिळविले नव्हते. आता या रचनेचे सौंदर्य पाहा. वाच्यार्थ पाहू गेल्यास तीत निंदेचा शब्दही नाही. उलट प्रतिपक्षाच्या विजयाचे साल आहे. ज्या दिवशी तुम्ही जिंकलात त्याचे आम्ही स्मरण करतो, असे हजारो लोक ओरडून सांगतात आणि ऐकणाऱ्याच्या जिवाचे पाणी होते. आपल्या आलंकारिकांनी स्तुतीच्या मिषाने केलेल्या निंदेला व्याजस्तुती म्हटले आहे. तिचे इतके अल्पाक्षर आणि इतके घणाघाती उदाहरण संस्कृतात तरी असेल की नाही, याची मला शंका आहे. कारण त्या सालामागे ध्वनित होतो तो सारा रिकामा काळ : १९४६, १९६७, १९७५, १९८६ या चारही वर्षी बोस्टन वर्ल्ड सिरीजपर्यंत पोहोचले आणि चारही वेळा सातव्या, म्हणजे अखेरच्या, सामन्यात हरले. याच अवधीत न्यूयॉर्कने २६ अजिंक्यपदे घरी नेली.

यात आणखी एक काटा आहे. १९१९ सालाच्या अखेरीस बोस्टनच्या संघाचे मालक, नाटकांचे निर्माते हॅरी फ्रेझी, यांनी बेब रूथ या अलौकिक खेळाडूला एक लाख डॉलरांस न्यूयॉर्कला विकले. तोपर्यंत यांकींना एकही अजिंक्यपद मिळालेले नव्हते. पहिले १९२३ साली मिळाले. अर्थात '१९१८' म्हणून हिणविणारा न्यूयॉर्ककर बोस्टनच्याच हिऱ्याने श्रीमंत झालेला होता. या व्यवहारावरून रूथच्या शापाची कथा प्रसिद्धीस आली आणि १९९० साली त्याच नावाचे पुस्तक निघाले. ते लिहिणारा डॅन शॉनेसी हा बोस्टनच्याच वृत्तपत्राचा लेखक होता, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. हसणाऱ्याला एक आकडा पुरतो; ज्याला हसतात त्याला पुराण रचावे लागते.

२००३ साली, सातव्या सामन्यात, आठव्या डावापर्यंत तीन धावांनी पुढे असलेले बोस्टन अकराव्या डावात ॲरन बून याच्या एका फटक्याने बाहेर पडले. भाच्याचे ते तेथील पहिले वर्ष. दुसऱ्या वर्षी हेच दोन संघ पुन्हा समोरासमोर आले. न्यूयॉर्कने पहिले तीनही सामने जिंकले, त्यांतील तिसरा १९ विरुद्ध ८ असा. चौथ्यातही नवव्या डावात बोस्टन एका धावेने मागे होते. तेथून बोस्टनने बरोबरी साधली, बाराव्या डावात डेव्हिड ऑर्टिझने सामना जिंकून दिला, आणि लागोपाठ चार विजय मिळवून, शेवटचा तर यांकींच्याच मैदानावर १० विरुद्ध ३ असा, त्यांनी मालिका खिशात घातली. तीन सामने हरून मग सात सामन्यांची मालिका जिंकण्याचा हा पराक्रम या खेळाच्या इतिहासात एकमेव आहे. पुढे सेंट लुईसला चार सामन्यांत चीत करून त्यांनी १९१८ चे भूतही गाडले. त्यानंतर भाच्याने यांकींना हसण्यासाठी जे शस्त्र उचलले त्याचा नमुना पाहा. तो म्हणतो, 'तीन-शून्य.' म्हणजे पुन्हा तोच अलंकार! प्रतिपक्ष ज्या क्षणी शिखरावर होता त्या क्षणाचाच उच्चार. अपमानित मनुष्य अपमान करणाऱ्याकडून शैलीच उचलतो, हे साहित्याच्या इतिहासात आपण पुष्कळदा पाहिले आहे.

भरताने हास्याचे स्मितापासून अतिहसितापर्यंत सहा प्रकार सांगून त्यांची उत्तम, मध्यम व अधम अशी वाटणी केली. उपहसिताला त्याने मध्यम कोटीत ठेवले आहे, आणि ते मला न्याय्य वाटते. २०१८ साली यांकींच्या ॲरन जजने बोस्टनमध्ये सामना जिंकल्यावर, जाता जाता, प्रतिपक्षाच्या खोलीजवळून आपल्या शहराचे स्तुतिगीत वाजवीत फेरी मारली. पुढचे दोन्ही सामने बोस्टनने न्यूयॉर्कमध्ये जिंकले, त्यांतील पहिला १६ विरुद्ध १ असा, आणि विजयोत्सवात तेच गीत वाजविले. हे शुद्ध विडंबन. त्यात कोणाचे रक्त निघाले नाही.

अधम कोटीचे उदाहरणही याच इतिहासात आहे आणि ते विसरता येत नाही. १९८६ च्या सहाव्या सामन्यात न्यूयॉर्कच्या दुसऱ्या, 'मेट्स' नावाच्या, संघाविरुद्ध बोस्टन अजिंक्यपदापासून एका चेंडूच्या अंतरावर होते. ते अंतर सरले नाही. बिल बकनर या अनुभवी खेळाडूच्या दोन पायांमधून एक साधा सरपटी चेंडू निघून गेला व सामना हातचा गेला. वस्तुतः तो चेंडू येण्यापूर्वीच धावसंख्या बरोबरीत आलेली होती, आणि सातवा सामना अजून उरला होता. पण लोकांच्या स्मृतीला तपशील नको असतो, तिला एक मनुष्य हवा असतो. शत्रूंनी हसावे हे समजते. येथे आपलेही हसले, चिडले, वर्षानुवर्षे त्याचा पिच्छा पुरविला. तो दूर आयडाहोत जाऊन राहिला. २००८ साली, दोन अजिंक्यपदांनी पोट भरल्यावर, बोस्टनने त्याला मानाचा पहिला चेंडू टाकण्यास बोलाविले. सारे प्रेक्षागार उभे राहिले आणि त्याने डोळे पुसले. मला ते उभे राहणे उशिराचे वाटते. संघाला हसावे, संघ ही एक कल्पना आहे, तिला रात्री झोप येत नाही असे होत नाही.

शास्त्रज्ञांनीही या आनंदाचा ठाव घेतला आहे. २०११ साली मिना सिकारा, मॅथ्यू बॉटविनिक व सुझन फिस्क यांनी या दोन संघांच्या कडव्या चाहत्यांना खेळातील प्रसंग दाखवून त्या वेळी त्यांच्या मेंदूचे व्यापार तपासले, ते प्रयोग प्रसिद्ध झाले. आपला संघ जिंकत असता मेंदूचा जो सुखकारक भाग उद्दीपित होतो, तोच प्रतिस्पर्धी हरत असताही होतो. आणि विशेष म्हणजे, प्रतिस्पर्धी तिसऱ्याच संघाकडून हरत असला, आपला काडीचा लाभ नसला, तरीही होतो. ज्यांच्या ठायी हे सुख अधिक, त्यांनी प्रतिपक्षाच्या चाहत्यांना उपद्रव देण्याची आपली शक्यताही अधिक सांगितली. प्रयोग चोख आहे. पण सुख किती हे यंत्राने कळते. ते कशाच्या पोटी जन्मले हे यंत्र सांगत नाही.

येथे मला स्वतःविषयी एक गोष्ट सांगणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या एका समव्यवसायी गृहस्थांनी संपादिलेल्या जुन्या काव्यग्रंथावर एक कठोर परीक्षण प्रसिद्ध झाले. पाठभेद चुकलेले, टीपा उसन्या, प्रस्तावना पोकळ. ते परीक्षण मी तीनदा वाचले. पहिल्या वाचनास विद्याव्यासंग हे कारण देता येईल; उरलेल्या दोहोंस नाही. घरात विचारले, 'आज एवढे खुशीत का?' तेव्हा मी हवेची सबब सांगितली. वास्तविक तो ग्रंथ संपादन करण्याचा संकल्प माझा होता. हस्तलिखितांची यादी माझ्या टेबलाच्या खणात दहा वर्षे पडून होती, आणि आजही आहे. ते गृहस्थ चुकले, पण त्यांनी काम केले. मी चुकलो नाही, कारण मी काही केलेच नाही. हे त्या तिसऱ्या वाचनानंतर, रात्री अंथरुणावर पडल्यावर सुचले. तेव्हापासून कोणीही 'जिरली' म्हटले, की हा आपला कोणता खण झाकीत आहे, हे पाहण्याची मला खोड लागली आहे.

ती खोड घेऊनच मी २०२४ च्या ऑक्टोबरात भाच्याच्या घरी होतो. बोस्टनने त्या वर्षी ८१ सामने जिंकले व तितकेच गमावले. ऑक्टोबरात त्यांना प्रवेशच नव्हता. तरी ३० तारखेच्या रात्री सारे घर दूरचित्रवाणीसमोर जागे होते, कारण यांकी वर्ल्ड सिरीजमध्ये लॉस एंजेलिसच्या 'डॉजर्स' संघाकडून हरण्याच्या बेतात होते. प्रारंभी निराशा झाली : यांकी ५ विरुद्ध ० असे पुढे गेले. मग पाचवा डाव आला. मध्यक्षेत्री उभ्या असलेल्या जजच्या हातून एक सोपा झेल सुटला. पाठोपाठ व्होल्पीची फेक चुकली. दोन गडी बाद झाल्यावर मूकी बेट्सने एक मंद चेंडू टोलविला, तो अडविला गेला, पण पहिल्या बेसवर धावत जाऊन उभे राहण्याचे काम चेंडू टाकणाऱ्या कोलने केलेच नाही. पाहता पाहता पाच धावा निघाल्या. भाचा उठून उभा राहिला आणि, वीस वर्षे इंग्रजीत वावरणारा तो गृहस्थ, शुद्ध मराठीत ओरडला, "जिरली!" त्याचा दहा वर्षांचा मुलगा टाळ्या पिटू लागला. सूनबाईंनी शेजाऱ्यांची आठवण करून दिली.

यांकी पुन्हा एका धावेने पुढे गेले. आठव्या डावात बरोबरी झाली, आणि लगेच बेट्सच्या फटक्यावर डॉजर्सची सातवी, विजयाची धाव आली. मुलगा नाचला. भाचा मात्र काही बोलला नाही.

"हा बेट्स म्हणजे तोच ना?" मी विचारले.

"तोच, मामा." बेट्स हा बोस्टनचा खेळाडू. २०१८ च्या अजिंक्यपदाचा आधारस्तंभ. २०२० च्या फेब्रुवारीत संघाच्या चालकांनी त्याला लॉस एंजेलिसला देऊन टाकले होते.

शेवटच्या डावात यांकींचा अखेरचा फलंदाज तीन चेंडू हुकवून बाद झाला व मालिका संपली. मी त्याचे नाव विचारले.

"व्हर्डुगो," भाचा म्हणाला. "बेट्सच्या बदल्यात आम्हांला मिळाला होता तो हाच. गेल्या वर्षी यालाही आम्ही यांकींना दिला."

मुलाने क्षणभर हिशेब केला. "म्हणजे बाबा, जिंकणारा पण आपला आणि हरणारा पण आपलाच?"

सूनबाई त्याला निजावयास घेऊन गेल्या. भाच्याने संच बंद केला नाही. डॉजर्सचे खेळाडू एकमेकांच्या अंगावर उड्या घेत होते. त्या घोळक्यात बेट्सचा चेहरा दिसेपर्यंत तो तसाच बसून होता.