शब्दांवाचूनचा गायकवृंद

पिंक फ्लॉईड या इंग्रज वाद्यवृंदाची १९७० सालची 'ॲटम हार्ट मदर' ही जवळजवळ चोवीस मिनिटांची रचना ध्वनिमुद्रिकेची एक संपूर्ण बाजू व्यापते. १९६८ मध्ये सिड बॅरेट वेगळे झाले आणि त्यांच्या छोट्या, खोडकर गीतांची वाट मागे पडली. नव्या वाटेचा हा धाडसी शोध होता. पुढे कर्त्यांनाच तिचा संकोच वाटू लागला. डेव्हिड गिल्मर आणि रॉजर वॉटर्स या दोघांनी तिला जाहीरपणे नावे ठेवली. हा निवाडा आम्हांस अर्धाच मान्य आहे.

दोष उघड आहेत. ड्रम्स आणि बेस गिटार यांचा पाया निक मेसन व वॉटर्स यांनी एका दमात वाजवला, कारण स्टुडिओत नव्या यंत्राची फीत कापून जोडण्यास मनाई होती. लय डळमळली ती डळमळलीच. पितळी वाद्ये आणि गायकवृंद यांची बांधणी रॉन गीसिन या बाहेरच्या रचनाकाराने त्यावर चढवली. आरंभीचा तुताऱ्यांचा थाट तर आम्हांस मिरवणुकीतल्या बँडसारखा वाटतो.

मग वाद्ये ओसरतात. रिक राइट यांचा ऑर्गन उरतो आणि जॉन ऑल्डिस यांच्या गायकवृंदातील स्त्रियांचा स्वर हलकेच वर चढतो. अर्थाचा शब्द एकही नाही. मिस्सागायनावर ज्यांचा कान घडला, त्यांना इथे प्रश्न पडतोच: हे गाणे कोणाला उद्देशून? आनंद शब्दांत मावेनासा झाला की हृदय शब्दांविना गाते, असे संत ऑगस्टीन स्तोत्रांवरील विवेचनात सांगतात. आलेलुयाच्या अखेरच्या स्वरावरील लांब तान आपल्याला परिचित आहेच. परंतु ती तान देवाला उद्देशून असते. इथे समोर कोणी नाही. हिला प्रार्थना म्हणणे आम्हांस पटत नाही, मात्र त्या स्वरातील आर्तता खोटी नाही. थोड्याच वेळाने तोच वृंद निरर्थक अक्षरे ठसक्यात फेकू लागतो, तेव्हा मात्र अंगावरचा झगा उसना असल्याचे कळते.

१९७१ मधील 'एकोज' अधिक सुघटित आहे, यात वाद नाही. तिथे बाहेरचा वृंद नाही. चौघेच वाजवतात, आणि राइट यांच्या पियानोचा एकच सूर पाण्याच्या थेंबासारखा पडतो. समीक्षक खरा आरंभ इथून मानतात. आमचे मत किंचित निराळे आहे. १९७३ च्या 'द डार्क साइड ऑफ द मून'मध्ये मृत्यूविषयीच्या रचनेत राइट यांच्याच पियानोवर क्लेअर टोरी ही गायिका शब्दांवाचून आक्रंदते, शांतावते. ज्या रचनेस पुढे तिच्या कर्त्यांनी झिडकारले, तिच्यातील तो स्त्रीस्वरच आम्हांस इथे पुन्हा ऐकू येतो. या वेळी झगा उसना नाही.