बिळासमोर बसलेला कॅमेरा

पाऊस सुरू झाला की तिबोटी खंड्या विणीसाठी कोकणात उतरतो आणि पाठोपाठ त्याचे फोटो येऊ लागतात. पक्षी चिमणीहूनही लहान. पिवळंधमक पोट, जांभळट झाक असलेलं डोकं, निळी पाठ, पोवळ्याच्या रंगाची चोच. फोटो मात्र दरवर्षी तोच: शेवाळलेली काडी, चोचीत सापसुरळी, मागे गुळगुळीत हिरवा पडदा. खालचं नाव झाकलं, तर कोणाचा फोटो कोणता हे सांगता यायचं नाही. इतके जाणते लोक एकच चित्र काढत असतील, तर त्या कलेचं कुठेतरी चुकतं आहे.

तंत्रात काही उणं नाही. २५ किंवा ६४ एएसएच्या (आजच्या भाषेत आयएसओ) रंगीत फिल्मवर, पावसाळी रानाच्या अंधारात, फ्लॅशशिवाय हा पक्षी टिपणं जवळजवळ अशक्य होतं. आज ६४०० आयएसओवरही पिसांची वीण दिसते. पक्ष्याचा डोळा कॅमेरा स्वतःच हुडकतो.

पण बैठक जुनीच राहिली. ब्रिटिश पक्षी-छायाचित्रकार एरिक हॉस्किंग आणि त्यांच्या पिढीतले छायाचित्रकार घरट्याजवळ दडून बसत, कारण लेन्स तोकडी होती, फिल्म मंद होती आणि पक्षी हमखास परतेल अशी जागा म्हणजे घरटंच. १९३७ साली अशाच कामात घुबडाच्या हल्ल्यात हॉस्किंग यांचा एक डोळा गेला. लेन्स आणि फिल्मची ती अडचण कधीच सरली. आपण अजून खंड्याच्या घरट्यासमोर, म्हणजे त्याच्या बिळासमोरच बसलो आहोत.

याची साक्ष फोटोच देतो. खंड्या स्वतः खाणार असेल तर भक्ष्य डोक्याकडून गिळतो. पिल्लाला किंवा जोडीदाराला भरवायचं असेल, तेव्हा भक्ष्याचं डोकं चोचीबाहेर, पुढच्या बाजूला धरतो. आता गाजलेले फोटो पुन्हा पाहा. सापसुरळीचं डोकं बहुतेकदा बाहेर असतं. पिल्लं भुकेली असताना आईबाप बिळाच्या तोंडाशी क्षणभर थबकतात, तो हा क्षण. त्यासाठी समोर सोयीची काडी रोवली जाते, उजेडासाठी फांद्या छाटल्या जातात आणि मग लेन्सची रांग लागते. पालक बुजून लांबच बसला, तर भरवणं खोळंबतं. छाटलेल्या आडोशामुळे बीळ सापा-मुंगसाला उघडं पडतं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पक्ष्यांच्या घरट्यांना उपद्रव देणं शिकारीच्या व्याख्येतच बसवलं आहे.

हा फक्त नीतीचा प्रश्न नाही, चित्राचाही आहे. खंड्याच्या पाठीचा निळा हा रंगद्रव्याचा रंग नव्हे. पिसांच्या सूक्ष्म रचनेत प्रकाश विखुरल्याने तो दिसतो. त्यामुळे ढगाळ सावलीत तो विझल्यासारखा वाटतो आणि पक्षी जरा वळला की अचानक पेटतो. हे विझणं-पेटणं हाच खरा विषय आहे. फ्लॅश आणि संगणकावर ताणलेला रंग त्याला सपाट, बल्बासारखा निळा करून टाकतात, आणि आपण त्याला सुंदर म्हणतो.

नवरंग पक्ष्याचंही असंच. इतके रंग अंगावर असूनही तो पाचोळ्यात उड्या मारत किडे शोधताना पटकन नजरेस पडत नाही. मोबाइलवर आवाज वाजवून त्याला उघड्या फांदीवर बोलावलं की रंग मिळतात, नवरंग हरवतो. मलबारी कर्णा हा पक्षी तर संशय आला की पाठ करून बसतो. लालभडक पोट पलीकडे, तपकिरी पाठ आपल्याकडे. अशी पाठमोरी फ्रेम पुसून टाकतात. मला ती त्या पक्ष्याच्या स्वभावाची सर्वांत खरी नोंद वाटते.

चांगलं काम होतच नाही असं नाही. पाचोळा, वेली, ओहोळ यांच्यात पक्षी लहानसा राहू देणारे, पाऊस आणि अंधार फोटोत ठेवणारे काही तरुण छायाचित्रकार आहेत. त्यांच्या चित्रात पक्षी शोधावा लागतो, आणि सापडल्यावर रान कळतं. पण त्यांना ना स्पर्धेत जागा, ना मुखपृष्ठावर.

म्हणून संपादकांना आणि परीक्षकांना विनंती: विणीच्या काळातला फोटो आला की तो कुठे, कसा, किती अंतरावरून घेतला हे विचारा. घरट्याजवळचा असेल तर कितीही देखणा असला तरी परत पाठवा. येत्या पावसाळ्यापासूनच हे सुरू करा.