उसना देता येणारा खेळ

कॅलिफोर्नियातल्या मित्राचा मेसेज आला: "गणपतीला येतोय. स्विच २ आणू का? रविवारपर्यंत सांग."

निन्टेंडो भारतात अधिकृतपणे कन्सोल विकत नाही. म्हणजे दोनच वाटा उरतात. ग्रे मार्केटमधून दुकानदार सांगेल त्या भावाने घ्यायचा, नाहीतर परदेशातून येणाऱ्याच्या बॅगेत जागा मागायची. अमेरिकेत स्विच २ची किंमत 2025 साली 449.99 डॉलर होती, म्हणजे तिथल्या करासकट 40 हजारांच्या वर. बिघडला तर इथे वॉरंटी नाही. माझ्याकडे 2019 साली घेतलेला जुना स्विच आहे आणि त्याची तेवीस कार्डं आहेत. त्यातले नऊ खेळ मी पूर्ण केलेत. हिशोब एवढाच असता तर उत्तर त्याच मिनिटाला "नको" असं गेलं असतं.

पण मी चार दिवस उत्तर दिलं नाही. नव्या कन्सोलची परीक्षणं वाचत बसलो. त्यांत चिपचा वेग, स्क्रीनचा आकार, बॅटरीचे तास असं सगळं होतं. मला पडलेला प्रश्न मात्र त्यांत कुठेच नव्हता. तो कराडला आत्याच्या घरी, माळ्यावरच्या एका खोक्यात होता.

आमच्या पिढीच्या बहुतेकांनी पहिला 'व्हिडिओ गेम' पाहिला तो असाच. निन्टेंडोने 1983 साली जपानमध्ये आणलेल्या फॅमिकॉमची कुठेतरी तयार झालेली स्वस्त नक्कल. सोबत पिवळी कॅसेट आणि त्यावर '9999 इन 1' असा बेधडक दावा. आत खेळ मोजके, बाकी त्यांचीच नावं बदलून. आत्याच्या खोक्यातला संच गेल्या मे महिन्यात मी टीव्हीला जोडला. कॅसेट तीनदा काढून घातली, फुंकर मारली (तिने काही होत नाही, हे आता माहीत असूनही मारली) आणि मारिओ सुरू झाला. त्याने कुणाला विचारलं नाही. लॉगिन मागितलं नाही. ती कॅसेट चोरीची होती हे मान्यच आहे. स्वतः सॉफ्टवेअर लिहून पोट भरत असताना त्या चोरीचं कौतुक मला करवणार नाही. पण वीस वर्षांनी ती चालली. आज 40 हजार मोजून, रीतसर पावती घेऊन आणलेला खेळ 2045 साली चालेल का? मला नव्या कन्सोलची समीक्षा या प्रश्नापासून सुरू करावीशी वाटते.

आधी यंत्राबद्दल. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने स्विच २ मागवलाय. त्याच्या बाणेरच्या फ्लॅटवर मी तीन शनिवार-रविवार काढले. वस्तू म्हणून तो देखणा आहे. 7.9 इंची 1080पी स्क्रीन, दोन्ही बाजूंना चुंबकाने टकदिशी बसणारे जॉय-कॉन. जॉय-कॉन टेबलावर आडवा ठेवला की माऊससारखा चालतो. ही गंमत दहा मिनिटं मजेची, मग मनगट दुखायला लागतं. स्क्रीन एलसीडी आहे. 2021च्या स्विचच्या ओएलईडी आवृत्तीची सवय झालेल्याला काळा रंग राखाडी वाटतो आणि वेगात हलणारं चित्र थोडं पुसट होतं. बॅटरी कंपनीच्याच म्हणण्यानुसार दोन ते साडेसहा तास. जड खेळाला यातला 'दोन' हाच आकडा धरावा.

निन्टेंडोच्या इतिहासात गुनपेई योकोई नावाचा एक अभियंता होऊन गेला. 1989चा गेम बॉय त्याच्या विचारातून आला. त्याचं सूत्र असं, की ताजं, महाग तंत्रज्ञान सोडा. मुरलेलं, स्वस्त झालेलं घ्या आणि त्याचा कुणी न केलेला उपयोग शोधा. लोणच्यासारखं, मुरल्यावरच चव. 2017चा पहिला स्विच या सूत्रात बसत होता. त्याची चिप तेव्हाही फार नवी नव्हती. घरी टीव्हीवर आणि प्रवासात हातात तोच खेळ, ही कल्पना नवी होती. 15 कोटींहून जास्त स्विच विकले गेले ते त्या कल्पनेवर. स्विच २मध्ये अशी नवी कल्पना नाही. तीच कल्पना, जास्त ताकदीने. पहिल्या चार दिवसांत 35 लाख कन्सोल खपले, म्हणजे लोकांना तेवढंही पुरेसं आहे.

त्या ताकदीचं चीज कुठे होतं? 'मारिओ कार्ट वर्ल्ड'मध्ये एका शर्यतीत चोवीस गाड्या धावतात. आधी बारा असायच्या. सगळे ट्रॅक एका मोठ्या नकाशावर रस्त्यांनी जोडलेत. ऐकायला भारी, पण कप खेळताना त्या जोडरस्त्यांवरच बराच वेळ जातो, आणि लांबलचक सरळ रस्त्यावर मारिओ कार्टची खोडी उतरत नाही. 'डाँकी काँग बनान्झा' मात्र खरोखर या यंत्राचा खेळ आहे. त्यातली जमीन व्हॉक्सेलची, म्हणजे बारीक घनांची बनलीय, आणि माकड ती जवळजवळ सगळी फोडू शकतं. डोंगरात शिरून पलीकडून बाहेर पडता येतं. मी एकदा तासभर पुढे न जाता नुसता खणत बसलो होतो. हे जुन्या स्विचला झेपलं नसतं.

तरी मला सर्वांत जास्त आवडलेली गोष्ट जुन्याच खेळांची निघाली. माझं 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'चं 2017चं कार्ड मी बाणेरला नेलं होतं. नव्या यंत्रात ते चालतं, आणि 9.99 डॉलरचं अपग्रेड घेतलं की सेकंदाला तीसऐवजी साठ फ्रेम दिसतात. गवतावरून वाऱ्याची झुळूक जाते तेव्हा हा फरक कळतो. नव्या चिपची रचना जुनीपेक्षा वेगळी असल्याने जुना खेळ तिला थेट समजत नाही. खेळ चालू असतानाच त्याच्या आज्ञांचं भाषांतर होत राहतं, दुभाष्याने कानाशी बसून बोलावं तसं. दोन्ही बाजू हार्डवेअरच्या, वेळ मिलिसेकंदांची आणि खेळ हजारो. असं काम ज्यांनी केलं त्यांना मनापासून सलाम. एखाद्या कंपनीने ग्राहकाच्या जुन्या शेल्फचा एवढा मान ठेवावा हे या धंद्यात रोज घडत नाही.

त्याच कंपनीने 'गेम-की कार्ड'ही आणलंय. डबा असतो, डब्यात कार्ड असतं, कार्डात खेळ नसतो. असते ती एक किल्ली. पहिल्यांदा घातल्यावर पूर्ण खेळ इंटरनेटवरून उतरवायचा, आणि नंतरही खेळताना कार्ड आत हवंच. न्याय म्हणून सांगायला हवं की हे कार्ड विकता येतं, उसनं देता येतं, आणि डब्यावर तशी सूचना छापलेली असते. मोठ्या क्षमतेचं कार्ड महाग पडतं म्हणून बरेच प्रकाशक हा मार्ग धरतात. 'स्ट्रीट फायटर ६' असा आला. उलट 'सायबरपंक 2077' हा अवाढव्य खेळ 64 जीबीच्या कार्डात अख्खा बसवून विकला गेला. म्हणजे मनात असेल तर जमतं.

किल्ली चालते ती पलीकडे कुलूप उघडणारा असेपर्यंत. निन्टेंडोने थ्रीडीएस आणि वी यू यांची ऑनलाइन दुकानं 27 मार्च 2023 रोजी बंद केली; पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये त्यांचा ऑनलाइन खेळही थांबवला. आधी घेतलेलं पुन्हा उतरवायची सोय ठेवली, पण कायमची म्हणून नव्हे. त्याच 2023 साली व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने एक अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेत 2010 पूर्वी आलेल्या जुन्या खेळांपैकी 87 टक्के आज बाजारात विकत मिळत नाहीत, असा त्याचा निष्कर्ष होता.

सर्व्हर बंद कसा होतो हे मला आतून माहीत आहे. आमच्या कंपनीतली एक जुनी सेवा बंद करायचं काम गेल्या वर्षी माझ्याकडे आलं. त्यात खलनायक कुणी नव्हता. अर्ध्या तासाची मीटिंग झाली, खर्चाच्या तक्त्यातली एक ओळ लाल झाली, वापरणारे थोडे उरले होते. मीच ती सेवा बंद केली. त्यानंतर कित्येक आठवडे लॉगमध्ये विनंत्या येत राहिल्या. कुठलीतरी जुनी यंत्रं दर तासाला दार वाजवत होती आणि माझा कोड त्यांना '410' असं उत्तर देत होता. वेबच्या भाषेत त्याचा अर्थ: होतं, आता नाही, पुन्हा येऊ नका. कुणाच्या तरी घरचा खेळ असा दार वाजवत बसलेला मला दिसतो, आणि उत्तर देणारा माझ्यासारखाच कुणी पगारी माणूस असतो.

मग थांबावं का? आमच्या घरचा जुना सल्ला असा, की नवीन वस्तू दोन वर्षांनी घ्यावी, भाव उतरतो. कन्सोलच्या बाबतीत तो आता लागू पडत नाही. भारतात प्लेस्टेशन ५ फेब्रुवारी 2021मध्ये 49,990 रुपयांना आला आणि नोव्हेंबर 2022मध्ये 54,990चा झाला. 2025च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत आठ वर्षं जुन्या स्विचचीसुद्धा किंमत वाढली. म्हणजे थांबल्याने पैसे वाचतीलच असं नाही. वाचलाच तर मोह वाचेल.

निर्णय शेवटी ताईच्या फोनवर झाला. ती कोल्हापूरला असते; तिची मुलगी नऊ वर्षांची. "मामा, तुझा गेम सुट्टीत देशील का?" असा निरोप होता. निन्टेंडोने एप्रिल 2025पासून डिजिटल खेळही 'उसने' द्यायची सोय केलीय. फॅमिली ग्रुपमधल्या एकाला, एक खेळ, चौदा दिवसांसाठी. त्यासाठी दोन्ही यंत्रं एकदा जवळ आणावी लागतात. कल्पना चांगली आहे, पण वाचताना मला हसू आलं. आमच्या वाचनालयातल्या काकांचीही मुदत असायची, पण उशीर झाला तर ते आठ आणे दंड घ्यायचे. पुस्तक आपणहून उठून परत जायचं नाही.

मी भाचीला स्विच आणि माझी अर्धी कार्डं द्यायचं ठरवलं. उसनी नाही, कायमची. उरलेली अर्धी नव्या यंत्रात चालतील आणि आम्ही सुट्टीत अदलाबदल करू. जुना कन्सोल एका घरी आणि नवा दुसऱ्या घरी, तरी कार्डं दोन्हीकडे चालतात. स्विच २ घेण्यासारखा आहे असं मला वाटतं ते यामुळे. ज्याच्याकडे जुनी कार्डं नाहीत आणि ती द्यायला भाचीही नाही, त्याने मात्र अजून वर्षभर खेळांची यादी वाढू द्यावी.

रविवारी रात्री मित्राला उत्तर पाठवलं. त्याने लगेच सुचवलं की 'मारिओ कार्ट'सोबतचं बंडल 499.99 डॉलरला आहे, वेगळं घेण्यापेक्षा 30 डॉलर वाचतील. बंडलमधला खेळ डाउनलोडचा असतो. मी लिहिलं, "बंडल नको. कन्सोल वेगळा घे आणि कार्ड वेगळं."

"अडीच हजार रुपये जास्त जातील, वेड्या."

"जाऊ देत. ते कार्ड पुढच्या मे महिन्यात कोल्हापूरला जायचंय."