खात्री आणि भरवसा : तीन महाराष्ट्रीय ख्रिस्ती आत्मकथने

इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या अकराव्या अध्यायाच्या आरंभी विश्वासाची जी व्याख्या आहे, तिच्या प्रचलित मराठी भाषांतरात 'भरवसा' आणि 'खात्री' हे दोन शब्द शेजारी शेजारी आले आहेत. मराठी व्यवहारात हे शब्द एकार्थी नाहीत. खात्री पटवून देता येते. तिला पुरावा लागतो. भरवसा कोणावर तरी ठेवावयाचा असतो, आणि तो पुष्कळदा पुराव्याची वाट पाहत नाही. धर्मांतरितांच्या आत्मकथनांचा विचार करताना हा भेद सहसा पाहिला जात नाही, आणि बाप्तिस्म्याची तारीख हीच विश्वासाची परिसमाप्ती मानली जाते.

बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांचे 'अरुणोदय' हे खात्रीचे पुस्तक होय. परमहंस मंडळीतील वावर, मूर्तिपूजा व जातिभेद यांविषयीचा संशय, धर्मग्रंथांची तुलना, आणि अखेर १८५४ मधील बाप्तिस्मा, असा त्याचा ओघ आहे. वादाला उत्तर मिळाले की पुढचे पाऊल, ही त्याची रीत. विचारप्रवासाचा लेख म्हणून त्याचे मोल मोठे आहे. परंतु उजाडल्यानंतर दिवस कसा गेला, हे शीर्षकाप्रमाणेच ग्रंथही सांगत नाही. पदमनजी ज्या स्कॉटिश फ्री चर्चच्या विद्यालयात शिकले, त्या पंथाला मान्य असलेल्या सतराव्या शतकातील वेस्टमिन्स्टर विश्वासपत्राने मात्र तारणाची पूर्ण खात्री हा विश्वासाचा अविभाज्य अंश मानलेला नाही. खऱ्या विश्वासणाऱ्यासही तिच्यासाठी दीर्घकाळ झगडावे लागेल, असे तेथे मान्य केले आहे.

हा झगडा पंडिता रमाबाईंच्या (१८५८–१९२२) लेखनात उघडपणे दिसतो. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि त्यानंतरच्या वर्षांत सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्रैक्यादी सिद्धांतांवरून त्यांचा तीव्र पत्रव्यवहार झाला. आज्ञाधारकपणाला विश्वास समजण्यास त्या तयार नव्हत्या. १९०७ साली इंग्रजीत प्रसिद्ध केलेल्या साक्षीत त्या सांगतात की, बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना उमगले ते असे : आपणांस ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. हे विधान नम्रतेचा अलंकार म्हणून वाचणे चुकीचे ठरेल. शास्त्रार्थात जिंकणाऱ्या विदुषीने पटलेल्या सिद्धांताला अपुरे ठरविले आहे, तेही स्वतःविरुद्ध पुरावा देऊन. पुढे केडगावच्या मुक्तिसदनात जे घडले, त्याच्या मुळाशी हा भरवसा आहे. त्यातील उत्कटता सर्वांना रुचेल असे नाही. परंतु तिची वाट संशयातून आली आहे, हे विसरता येत नाही.

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'ची वाखाणणी विनोद आणि बोलभाषा यांसाठी होते, व ती यथार्थच आहे. पण त्या वाखाणणीत ग्रंथातील विश्वासाचा प्रश्न नकळत बाजूला सारला जातो. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून विलग राहिल्या. पुन्हा त्यांच्याकडे आल्यावरही त्यांनी आपले सोवळे सोडले नाही. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःशीच सोडविला, आणि उत्तर मिळताच परक्या हातचे पाणी वर्ज्य मानणे थांबविले. १९०० सालचा त्यांचा बाप्तिस्मा त्यानंतरचा. येथे सिद्धांताची खात्री आधी आणि आचार मागून, असा क्रमच नाही. शिवाय पतीच्या धर्मनिष्ठेची थोरवी आणि तिच्यापायी घराची झालेली ओढाताण ही दोन्ही त्या एकाच स्वरात सांगतात. भरवसा डळमळत नसल्यावाचून असे हसता येत नाही. गंभीर साक्षपत्रांत नेमका हाच गुण दुर्मीळ आहे.

स्वतः टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही ख्रिस्तशिष्य त्यात असावेत, ही त्यांची कल्पना होती.