ताऱ्यांशी नाते आणि आपले शास्त्रीय गद्य

विज्ञानविषयक मराठी लेखांत अलीकडे एक वाक्य पदोपदी भेटते: आपण सारे ताऱ्यांच्या धुळीतून घडलो आहोत. नाटकाच्या आरंभी नांदी यावी तसे ते येते, आणि नांदीप्रमाणेच त्याच्या अर्थाकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. वाक्य अगदीच असत्य आहे असे नव्हे. परंतु ते अर्धे सत्य आहे, आणि जे अर्धे सांगावयाचे राहिले तेच अधिक रसाळ आहे, असे आमचे नम्र म्हणणे आहे.

डॉ. जयंत नारळीकर यांनी आपल्या खगोलशास्त्रावरील मराठी ग्रंथास ‘आकाशाशी जडले नाते’ असे नाव दिले. या एका शब्दाने त्यांनी मागून येणाऱ्या लेखकांवर मोठीच जबाबदारी टाकून ठेवली आहे. मराठी घरात कोणी नाते सांगितले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: कोणत्या बाजूचे? आजोळचे की भाऊबंदांपैकी? जवळचे की दूरचे? ज्यास हे सांगता येत नाही त्याने नाते सांगितलेच नाही, असे आपण समजतो. ताऱ्यांच्या नात्यासही हीच कसोटी लावावयास हवी.

कसोटीसाठी दूर जाण्याचे कारण नाही. बारामती-इंदापूर हा नीरेच्या कालव्यावर पोसलेला उसाचा मुलूख. तेथील उसाचे एक कांडे हाती घ्यावे. त्याच्या रसात बहुतांश पाणी. आणि पाण्याच्या रेणूतील तीन अणूंपैकी दोन हायड्रोजनचे. हा हायड्रोजन कोणत्याही ताऱ्यात घडलेला नाही. सुमारे १,३८० कोटी वर्षांपूर्वी, तारे मुळीच नव्हते, तेव्हाचा तो आहे. म्हणजे आमच्या नांदीतील वाक्य पहिल्याच घोटाला अपुरे पडले! पाण्यातील ऑक्सिजन आणि साखरेतील कार्बन हे मात्र खरोखर ताऱ्यांच्या पोटचे.

आता त्या उसास घातलेल्या खताकडे वळू. ज्यास आपला शेतकरी नत्र म्हणतो ते मूलद्रव्य ताऱ्यात हायड्रोजनचे हेलियम होत असताना कार्बनपासून तयार होते. पुढे वृद्ध तारा फुगतो, आणि त्याचे बाहेरचे थर हळूहळू अवकाशात विखुरतात. बरेचसे नत्र असे गाजावाजा न होता आले आहे. स्फुरद आणि पालाश यांची कुळकथा निराळी. ती मुख्यतः सूर्याच्या आठ-दहा पट किंवा अधिक वस्तुमानाच्या ताऱ्यांत होतात, आणि त्या ताऱ्यांच्या भयंकर स्फोटातून बाहेर पडतात. कालव्याच्या अतिपाण्याने ज्या जमिनी चोपण झाल्या त्यांतील सोडियमही बहुतेक याच घराण्यातले. सारांश, खताच्या एकाच गोणीत, शांतपणे विझलेल्या आणि स्फोटाने फुटलेल्या, अशा दोन कुळांचा माल एकत्र भरलेला असतो. ‘ताऱ्यांची धूळ’ म्हणून मोकळे होणाऱ्यास हा भेद दिसत नाही. आणि भेद दिसला नाही तर नवलही दिसत नाही.

हे सारे कळण्यास अणूची घडण ठाऊक असावी लागते, आणि आमच्या लेखकांची खरी तारांबळ येथेच उडते. रदरफोर्डने १९११ साली दाखविले की अणूचे जवळजवळ सारे वस्तुमान त्याच्या मध्यभागी एका अतिसूक्ष्म गर्भात साठलेले असते. अणू एक किलोमीटर व्यासाच्या शिवाराएवढा कल्पिला, तर अणुगर्भ म्हणजे त्याच्या मध्यावर ठेवलेला हरभऱ्याचा एक दाणा. मूलद्रव्याची जात ठरते ती या दाण्यातील प्रोटॉनांच्या संख्येवरून: कार्बनचे ६, नत्राचे ७, लोहाचे २६. सभोवारचे इलेक्ट्रॉन गेले-आले तरी जात पालटत नाही.

या सिद्धान्ताचे सुंदर उदाहरण इंदापूरच्या वेशीपासून फार लांब नाही. भीमेपलीकडे, जेथे आता उजनीचा जलाशय पसरला आहे त्याच्या पैलतीरी, करमाळा तालुक्यात जेऊर हे गाव आहे. २२ जानेवारी १८९८ रोजीच्या खग्रास सूर्यग्रहणासाठी पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला आणि अमेरिकेतील लिक वेधशाळेचे कॅम्पबेल यांनी तेथे तळ दिला होता. ग्रहणकाळी सूर्याभोवती जे तेजोवलय दिसते त्याच्या वर्णपटात एक हिरवी रेषा आढळे. पृथ्वीवरील कोणत्याही ज्ञात द्रव्याशी ती जुळेना, म्हणून ‘कोरोनियम’ या नव्याच मूलद्रव्याची त्या काळी कल्पना करण्यात आली होती. पुढे १९४० च्या सुमारास एडलेन या स्वीडिश शास्त्रज्ञाने उलगडा केला, तो असा की ही रेषा २६ पैकी १३ इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोहाची आहे. तेजोवलयातील उष्णता लक्षावधी अंशांची. तीत लोहाची अर्धी वस्त्रे उतरली म्हणून कोणी त्यास ओळखले नाही. ऊसतोड कामगाराच्या कोयत्यात जे लोखंड, तेच ते. इतकी नाट्यपूर्ण हकीकत घराशेजारी असता आमचे लेखक परदेशी पुस्तकांतील दृष्टान्त उसने आणतात, याचा विषाद वाटतो.

दुसरा दोष उपमेचा. ‘सूर्य हायड्रोजन जाळतो’ असे सर्रास लिहिले जाते. गुऱ्हाळाच्या चुलवाणात चिपाड जळते तेव्हा केवळ इलेक्ट्रॉनांची देवघेव होते. कार्बन कार्बनच राहतो. सूर्याच्या गाभ्यात, सुमारे दीड कोटी अंश उष्णतेत, चार हायड्रोजनगर्भांचे मीलन होऊन एक हेलियमगर्भ होतो आणि वस्तुमानाचा सुमारे ०.७ टक्का अंश ऊर्जेच्या रूपाने प्रकटतो. येथे जातच पालटते. एका क्रियेचे नाव दुसरीस दिल्याने वाचकाच्या मनात जो गोंधळ होतो तो पुढे दहा पाने लिहूनही फिटत नाही. असे मीलन लोहापर्यंत लाभाचे. त्यापुढे ऊर्जा मिळण्याऐवजी खर्ची पडते, म्हणून मोठ्या ताऱ्याचा गाभा तेथे कोसळतो.

तिसरी उणीव वादाची. नारळीकरांचे केंब्रिजमधील गुरू फ्रेड हॉयल विश्वास आरंभच नाही असे मानीत. सर्व मूलद्रव्ये ताऱ्यांतच घडली पाहिजेत, हा त्यांचा आग्रह त्यातूनच दृढ झाला. उलट गॅमॉव्ह म्हणत, सारे आरंभीच घडले. तीन हेलियमगर्भ मिळून कार्बन व्हावयाचा तर कार्बनगर्भाची एक विशिष्ट उत्तेजित अवस्था असलीच पाहिजे, असे हॉयल यांनी १९५३ साली सांगितले, आणि प्रयोगशाळेत ती सापडली. १९५७ साली बर्बिज दांपत्य, फाउलर व हॉयल यांनी सविस्तर उपपत्ती मांडली. अखेर हायड्रोजन-हेलियम बहुतांशी आरंभीचे आणि कार्बनपासून पुढची मूलद्रव्ये मुख्यतः ताऱ्यांची, असा निवाडा झाला. दोघेही अर्धे जिंकले. सोन्यासारख्या जड धातूंचा एक उगम तर न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीत आहे, हे १७ ऑगस्ट २०१७ च्या घटनेने दिसून आले; त्या टकरीचा रेडिओ-प्रकाश आपल्याच जिल्ह्यातील खोडदच्या दुर्बिणीनेही टिपला. मराठी लेखांत मात्र या वादाचा मागमूस नसतो. निष्कर्ष तेवढे प्रसादासारखे वाटले जातात.

राहता राहिला शब्दांचा प्रश्न. हिंदीत ज्यास परमाणु म्हणतात तो मराठीत अणू, आणि हिंदीतील अणु तो मराठीत रेणू. तरीही एकाच लेखात ही नावे सरमिसळ वापरणारे लेखक आहेत. याहून शोचनीय गोष्ट ही की नत्र, स्फुरद, पालाश हे शब्द बारामतीच्या बांधावर रोज उच्चारले जात असता ताऱ्यांवरील लेखांत ते क्वचितच भेटतात. नायट्रोजन म्हणजेच नत्र, एवढे एकदा सांगितले तरी पुरे. दहावीपर्यंत मराठीत शिकून पुढे इंग्रजीकडे वळणाऱ्या आमच्या ग्रामीण विद्यार्थ्यास त्याने फार मोठा आधार होईल. बापाच्या शेतातील ज्ञान आणि वर्गातील ज्ञान ही दोन नव्हेत, हे त्यास कळेल.

नारळीकर २० मे २०२५ रोजी निवर्तले. परदेशी कीर्ती मिळवूनही त्यांनी अखेरपर्यंत मराठीत लिहिले, हे ऋण आहे. ते फेडावयाचे तर त्यांच्या ग्रंथाच्या नावातील ‘नाते’ हा शब्द मराठी लेखकांनी शब्दशः घ्यावा, आणि एकेका मूलद्रव्याचे कूळ, त्याच्या आपल्याकडील नावानिशी, नीट उलगडून सांगावे. असा एखादा ग्रंथ निघाल्यास त्याचे स्वागत करण्यास आम्ही उत्सुक आहोत.