विषाणूच्या ‘धूर्तपणा’विषयी

बर्ड फ्लूवर विद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या लेखांत एका धाटणीचे वाक्य हमखास भेटते : हा धूर्त विषाणू शरीराच्या पहारेकऱ्यांना गुंगारा देतो. वाक्य चटकदार आहे, वर्गात लक्षातही राहते. पण नेमके काय घडते ते त्यामागे झाकले जाते, अशी आमची तक्रार आहे.

फ्लूच्या विषाणूची जनुके आरएनएच्या आठ तुकड्यांत असतात. विषाणू आपल्या पेशीत शिरला की रिग-आय नावाचे पेशीतील एक प्रथिन या परक्या आरएनएला चिकटते. तेथून निरोपांची साखळी सुरू होते आणि पेशी इंटरफेरॉन बनवू लागते. इंटरफेरॉन शेजारच्या पेशींना सावध करते. (आयझॅक्स आणि लिंडेनमन यांना १९५७ साली त्याचा शोध लागला तो कोंबडीच्या अंड्यातील पटलावर, आणि तोही उष्णतेने निष्क्रिय केलेला फ्लूचाच विषाणू वापरून!) आठव्या तुकड्यावरून बनणारे एनएस-१ हे सुमारे २३० अमिनो आम्लांचे प्रथिन या साखळीत अडथळा आणते. ते ट्रिम-२५ या प्रथिनाला चिकटते. मग रिग-आयला मिळायची चालना मिळत नाही. १९९८ साली एनएस-१ चे जनुक काढून टाकलेला विषाणू तयार करण्यात आला. इंटरफेरॉन बनवू न शकणाऱ्या पेशींत तो वाढला, इतरत्र खुरटला.

यात धूर्तपणा कोठे आहे? एक प्रथिन दुसऱ्याला चिकटते, इतकेच. विषाणूच्या आरएनएची नक्कल होताना चुका होतात आणि त्या दुरुस्त करण्याची सोय त्याच्याकडे नाही. असंख्य प्रतींपैकी ज्यांचे एनएस-१ त्या प्राण्यात कामी येते, त्यांची संतती वाढते. ‘पण सर, विषाणूला हे कळले कसे?’ असे एखादी मुलगी विचारते, तेव्हा गोंधळ तिचा नसतो, त्या वाक्याचा असतो. विषाणूला काहीच कळलेले नसते. नैसर्गिक निवड शिकवण्याची इतकी ताजी संधी दहावीच्या पुस्तकाबाहेर क्वचितच मिळते, आणि ‘धूर्त’ हा एक शब्द ती घालवतो.

आमचा दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सारे कर्तृत्व विषाणूला दिले की ज्याच्या शरीरात हे घडते तो प्राणी लेखातून नाहीसा होतो. बदकात रिग-आय आहे. कोंबडीत ते सापडत नाही, असे २०१० साली दाखवण्यात आले. कोंबडीच्या रिग-आयला विषाणूने चकवले असे लिहिणे म्हणजे नसलेल्या पहारेकऱ्याला गुंगारा दिल्याचे सांगणे होय. कोंबडीत त्या कामाचा काही भाग एमडीए-५ हे दुसरे प्रथिन करते. ज्या विषाणूने खुराडी दोन-तीन दिवसांत ओस पडतात, तो अंगात असूनही बदक पुष्कळदा निवांत पोहत असते. या फरकाचे रिग-आय हे एकमेव कारण नव्हे, पण एक कारण निश्चित आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरच्या कोंबड्यांत एच५एन१ सापडला, तेव्हापासून हा आपल्याही गावांचा प्रश्न झाला आहे. धडधाकट दिसणारे बदक निर्धोक असेलच असे नाही, हे कोंबड्या-बदके पाळणाऱ्या घरातल्या मुलाला कळायला हवे. धूर्त शत्रूच्या गोष्टीतून ते कळत नाही.

युद्धाच्या भाषेची सर्वांत मोठी पंचाईत पीए-एक्स या प्रथिनाने केली आहे. २०१२ साली सापडलेले हे प्रथिन पेशीचे स्वतःचे निरोप बंद पाडते, म्हणजे रूढ भाषेत विषाणूचे ‘शस्त्र’च. १९१८ च्या साथीच्या विषाणूची प्रयोगशाळेत पुनर्रचना करून त्यातून ते काढून टाकले, तेव्हा उंदरांचा आजार सौम्य झाला नाही, उलट बळावला. त्यांच्या फुप्फुसांत स्वतःच्याच प्रतिकारयंत्रणेची प्रतिक्रिया अधिक तीव्र झालेली आढळली.