आज्ञा कोणाची? : बालवाडीतले कोडिंग आणि वर्ध्याची जुनी कसोटी

गेल्या उन्हाळ्यात वर्ध्यातल्या एका खासगी बालवाडीचे माहितीपत्रक माझ्या हाती आले. गुळगुळीत कागद, टॅबलेटवर बोट टेकवून हसणारे मूल आणि ठळक अक्षरांत ‘ज्युनिअर केजीपासून कोडिंग’. खाली मेंदूचा विकास, तर्कशक्ती आणि उद्याच्या नोकऱ्या यांविषयी चार ओळी होत्या. ते पत्रक मी दोनदा वाचले. मूल पंचवीस वर्षांनी कोण होईल हे त्यात होते. उद्या सकाळी दहा वाजता ते वर्गात काय करील हे कुठेच नव्हते.

अशा पत्रकावर दोन प्रतिक्रिया हमखास उमटतात. एक पक्ष म्हणतो, जग पुढे चालले आहे, मुले मागे राहायला नकोत. दुसरा म्हणतो, चार वर्षांच्या पोरांना यंत्राला कशाला जुंपता? दोन्ही पक्ष यंत्राविषयी बोलतात आणि मूल बाजूला राहते. ‘प्रोग्राम’ या शब्दाला मराठीत ‘आज्ञावली’ हा प्रतिशब्द रूढ झाला आहे. मला तो आवडतो, कारण खरा प्रश्न त्या शब्दातच आहे. आज्ञा देणार कोण आणि पाळणार कोण? हाच प्रश्न हाती घेऊन मी या विषयाची तपासणी करणार आहे. त्यासाठी फार लांब जावे लागत नाही. मुलाच्या हातात कोणते साधन द्यावे, कधी द्यावे आणि कशासाठी द्यावे, यावर या देशातला एक मोठा वाद वर्ध्यातच झाला होता.

१

२२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. शिक्षण मातृभाषेतून असावे, सात वर्षे मोफत व सक्तीचे असावे आणि त्याच्या केंद्रस्थानी एखादा उत्पादक हस्तोद्योग असावा, हे तिथे ठरले. अभ्यासक्रम आखण्यासाठी डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पुढे सेवाग्राम हे ‘नई तालीम’चे केंद्र झाले आणि आर्यनायकम् व आशादेवी या दांपत्याने ते काम अंगावर घेतले.

टकळीवर सूत कातणाऱ्या मुलाचे चित्र आज पोस्टाच्या तिकिटावरच्या चित्रासारखे भाबडे वाटते. पण त्या कृतीत काय घडते ते पाहावे. पेळूतून धागा ओढताना हात घाईने गेला तर धागा बारीक होऊन तुटतो, रेंगाळला तर गाठाळ होतो. चूक झाली हे सांगायला शिक्षकाच्या लाल रेघेची गरज पडत नाही. तुटलेला धागाच ते सांगतो. मूल थांबते, धागा जोडते, पीळ बदलून पाहते. मग मोजणी येते. चार फुटांची एक तार, १६० तारांची एक लटी, चार लट्यांची एक गुंडी. फेऱ्यांची फेरी आणि तिची पुन्हा फेरी. आज संगणकाच्या वर्गात ‘लूप’ म्हणून जे शिकवतात ते याहून फार वेगळे नाही. कापडाशी हे नाते जुळणे योगायोगाचेही नाही. छिद्रे पाडलेल्या पत्त्यांच्या हुकमाने नक्षी विणणारा जाकारचा माग एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीचा. चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्रासाठी त्याच पत्त्यांची कल्पना उचलली.

तरीही वर्ध्याचा हा विचार डोळे मिटून स्वीकारण्याजोगा नव्हता, आणि त्या परिषदेतल्या माणसांनी तो तसा स्वीकारलाही नाही. टकळीतून सगळे विषय शिकवता येतील, या अतिरेकाबद्दल झाकिर हुसेन यांनी तिथेच शंका घेतली. अर्थशास्त्रज्ञ के. टी. शाह यांनी शाळांनी स्वावलंबी व्हावे या कल्पनेवर आक्षेप घेतला. शिवाय ज्या समाजात धंदा जातीने वाटलेला आहे, तिथे शाळेतही हस्तोद्योगच शिकवला तर गरिबाचे मूल जिथल्या तिथे राहील, ही भीती खोटी नव्हती.

पण या वादात एक गोष्ट नजरेतून सुटते. हस्तोद्योगाचा हा नियोजित अभ्यासक्रम सात ते चौदा वयाच्या मुलांसाठी होता. त्याआधीच्या मुलांचा विचार १९४५ च्या सेवाग्राम परिषदेनंतर ठळकपणे पुढे आला आणि ‘पूर्व-बुनियादी’ हा स्वतंत्र टप्पा मानला गेला. शांता नारुळकर यांनी सेवाग्रामात त्याचे काम केले. स्वच्छता, जेवण, पाणी, बाग, गाणी आणि खेळ हीच त्यातली शिकण्याची सामग्री. त्याच वर्षी ताराबाई मोडक बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ यांच्यासह त्यांनी अंगणात भरणारी बालवाडी उभी केली आणि पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर नेले. साधनावर एवढी श्रद्धा असणाऱ्या पिढीनेही लहान मुलासाठी वेगळी मोजपट्टी ठेवली होती.

२

कोडिंगवाल्यांची परंपराही माहितीपत्रकांपेक्षा बरीच प्रगल्भ आहे. १९६७ साली अमेरिकेत वॉली फ्यूरझाइग, सिमूर पॅपर्ट आणि सिंथिया सॉलोमन यांनी मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा तयार केली. पॅपर्ट जिनिव्हात जाँ पियाजे यांच्याबरोबर काम करून आलेले गणिती. त्यांच्या ‘माइंडस्टॉर्म्स’ (१९८०) या पुस्तकाचे सार हेच, की यंत्राने मुलाला घडवण्याऐवजी मुलाने यंत्राला शिकवावे. लोगोतले ‘कासव’ आरंभी पडद्यावर नव्हते. जमिनीवर फिरणारे खरेखुरे यंत्र होते. सत्तरच्या दशकात रेडिया पर्लमन यांनी साडेतीन-चार वर्षांच्या मुलांनाही ते चालवता यावे म्हणून बटणांची पेटी आणि खाचेत घालायचे पत्ते बनवले. वाचता येण्याआधी आज्ञा देता यावी, हा त्यामागचा विचार.

इथेही शंका घेणारे होतेच. १९८०च्या दशकात रॉय पी आणि मिडियन कर्लंड यांनी लोगो शिकलेल्या मुलांची तपासणी केली. वर्षभर प्रोग्राम लिहूनही इतर कामांचे नियोजन करण्याची त्यांची क्षमता आपोआप वाढलेली आढळली नाही. उलट, मरीना बर्स यांच्या गटाला अलीकडे असे दिसले, की बालवाडीतल्या मुलांनी रोबो चालवण्याचे थोडे काम केले तरी घटनांचा क्रम लावणे त्यांना अधिक जमू लागते. दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचले तर मर्यादित पण उपयोगी गोष्ट हाती लागते. मूल जे करते ते शिकते. ‘तर्कशक्ती वाढते’ हे मोघम आश्वासन त्यातून निघत नाही.

३

पुस्तके बाजूला ठेवून मी एकदा सेलू तालुक्यातल्या एका अंगणवाडीत दुपार घालवली. सेविकाताईंनी यंत्र व्हायचे आणि मुलांनी त्यांना अंगणातल्या बादलीपर्यंत न्यायचे, एवढाच खेळ. सांगितलेले तेवढेच करायचे, मनाने काही नाही, अशी अट.

पाच वर्षांची एक मुलगी ताईंच्या समोर उभी राहिली आणि म्हणाली, “मॅडम, पुढं चाला.” ताई पुढे चालल्या आणि तिच्याच अंगावर आल्या. पोरे खिदळली. ती म्हणाली, “तिकडं नाही, पुढं!” ताई आणखी एक पाऊल आल्या. मुलगी गप्प झाली. मग ती ताईंच्या मागे जाऊन उभी राहिली, त्यांचे तोंड जिकडे होते तिकडेच आपलेही केले, स्वतः एकदा वळून पाहिले आणि म्हणाली, “आता वळा. असं नाही, माह्यासारखं. आता चार पावलं.” चारात काम भागले नाही, सहा लागली. चौथ्या पावलाशी थांबलेल्या ताईंकडे पाहून तिने स्वतःच सांगितले, “अजून दोन.”

‘पुढे’ हा शब्द सांगणाऱ्याचा की चालणाऱ्याचा, हा व्याकरणाचाही प्रश्न आहे आणि संगणकशास्त्राचाही. त्या मुलीने तो आपल्या शरीराने सोडवला. पॅपर्टचे कासव यासाठीच होते. यात पडदा नव्हता, वीज नव्हती, आणि मुख्य म्हणजे चूक लपवणारे कोणी नव्हते. आज्ञा तिची होती, भाषा तिच्या घरची होती. ठिपक्यांची रांगोळी, भुलाबाईच्या गाण्यांतली वाढत जाणारी साखळी, ठिकरीच्या डावातले कडक नियम यांतही हेच बीज आहे.

त्या दुपारीच एका मुलाच्या बापाने मला अडवले. “शहरातल्या पोट्ट्यायले कॉम्प्युटर अन् आमच्यावाल्यायले बादली, असं काहून?” हा प्रश्न १९३७च्या भीतीचाच नवा अवतार आहे आणि तो टाळता येत नाही. मी त्यांना म्हटले, संगणक यायलाच हवा, सहावीत चांगला यायला हवा, आणि तो तुमच्या गावच्या शाळेत आला नाही तर भांडायला हवे. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही प्रत्यक्ष कोडिंग मधल्या टप्प्यावर, म्हणजे सहावीपासून आहे; त्याआधी गणिती विचारासाठी कोडी आणि खेळ आहेत. त्यांचे समाधान झाले असे मला वाटत नाही. शाळेने दिलेली आश्वासने पाळली जातात, असा अनुभव त्यांच्या गाठीला नव्हता.

४

आणि बाजार याच जागेवर बोट ठेवतो. २०२० साली, टाळेबंदीत, सहा वर्षांपासूनच्या मुलांना कोडिंग शिकवणाऱ्या व्हाइटहॅट ज्युनिअर या कंपनीच्या जाहिरातींत ‘वुल्फ गुप्ता’ नावाचा काल्पनिक बालक झळकला. त्याचे वय आणि पगार जाहिरातीगणिक बदलत होते. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये जाहिरात मानक परिषदेच्या सांगण्यावरून कंपनीने पाच जाहिराती मागे घेतल्या. वुल्फ गुप्ता गेला. त्याने पेरलेली धास्ती माझ्या हातातल्या पत्रकापर्यंत पोचली.

लहानग्यांसाठी म्हणून विकली जाणारी काही कोडिंग अ‍ॅप मी पाहिली. पडद्यावर एक ससा असतो, गाजर असते, तीन बाण असतात. योग्य बाण आधीच लुकलुकत असतो. मूल त्यावर बोट ठेवते, टाळ्या वाजतात. चुकीचा बाण दाबला तर काहीच होत नाही. ससा जागचा हलत नाही. इथे धागा तुटण्याची सोयच नाही. मूल आज्ञा देत असल्याचा देखावा आहे. प्रत्यक्षात लुकलुकणारा बाण त्याला आज्ञा देतो.

हे फक्त मुलांपुरते नाही. अंगणवाडीत आज एकच संगणक असतो, सेविकेच्या हातातला मोबाइल. २०२१ साली राज्यभरातल्या सेविकांनी हे निकृष्ट मोबाइल सरकारला परत करण्याचे आंदोलन केले. ‘पोषण ट्रॅकर’ हे अ‍ॅप तेव्हा इंग्रजीत होते, ही त्यांची एक मोठी तक्रार होती. जी बाई स्वतः अ‍ॅपमधल्या रकान्यांच्या हुकमात आहे, तिने मुलांना आज्ञावली शिकवावी अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करणार?

मला खरी भीती आणखी एक आहे. टकळीचे पुढे काय झाले ते आपण पाहिले आहे. विचार गळाला आणि टकळीचा तास उरला. कोठारी आयोगानंतर ‘कार्यानुभव’ आला, आणि आपल्यापैकी अनेकांनी मुलांच्या नावाने रात्री जागून पुठ्ठ्याची घरे चिकटवली. कोडिंगचाही तास होईल, वही होईल, प्रदर्शन होईल, आणि आदल्या रात्री बाप सशाला गाजरापर्यंत नेऊन ठेवील.

सेवाग्रामच्या आवारात २००५ पासून ‘आनंद निकेतन’ ही नई तालीमची शाळा पुन्हा चालते आहे. तिच्याकडे भक्तीने पाहण्याची गरज नाही, पण तिथून जाताना जुनी कसोटी आठवते. ते माहितीपत्रक मी अजून टाकून दिलेले नाही. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी तीन प्रश्न लिहून ठेवले आहेत. मूल सकाळी दहा वाजता हाताने काय करील? चुकले तर ते त्याला कशावरून कळेल? आणि आज्ञा ते कोणत्या भाषेत देईल? प्रवेशाच्या दिवशी पालकांनी हे विचारावेत. उत्तर मिळाले तर टॅबलेट असो की बादली, मूल तिथे खुशाल पाठवावे.